खेळणे अथवा पूजावस्तू

पुरातत्त्वाच्या दालनांतून हिंडताना एक पाटी आम्हांस वारंवार भेटत आलेली आहे. काचेआड बोटभर लांबीचा मातीचा बैल ठेवलेला असतो. एक शिंग मोडलेले, पाय असले तर तीन, पाठीवर वशिंडाचा उंचवटा मात्र शाबूत. खाली लिहिलेले असते: 'बैल. भाजलेली माती. खेळणे अथवा पूजावस्तू.' ह्या 'अथवा'शी आमचे मन दर वेळी अडखळते. पाटी लिहिणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पुराव्याच्या बाहेर पाऊल न टाकण्याची त्याची सावधगिरी योग्यच आहे. पण ज्याचे बालपण पोळा किंवा बेंदूर असलेल्या घरात गेले, त्याला हा प्रश्न मुळातच चुकीचा वाटतो. सकाळी पाटावर हळदकुंकू लावून, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून ज्याला हात जोडले, त्याच बैलाच्या गळ्यात संध्याकाळी सुतळी बांधून आम्ही त्याला ओसरीभर ओढलेला आहे. दोन-चार दिवसांनी तो तुळशीच्या बुंध्याशी किंवा विहिरीच्या पाण्यात जाई. पूजावस्तू, खेळणे आणि पुन्हा माती, अशा तीन अवस्था एका आठवड्यात पार पाडणाऱ्या वस्तूला 'अथवा'च्या कोणत्या बाजूला बसवायचे?

ह्या लेखात आम्हांस त्या बैलाचा आणि त्याच्या जातीच्या इतर लहानसहान प्राण्यांचा, म्हणजे घरात हाताशी असलेल्या माती, पीठ, शेण ह्यांतून घरच्याच माणसांनी केलेल्या प्राण्यांचा, थोडा माग काढायचा आहे. मोठ्या शिल्पांचा इतिहास लिहिला गेला आहे. ह्यांचा लिहिणे अवघड, कारण ती टिकावीत अशी करणाऱ्यांचीच इच्छा नव्हती.

प्रथम करण्याची रीत. माती आदल्या दिवशी भिजत घालावी, खडे वेचावेत, तडे जाऊ नयेत म्हणून तीत थोडी राख किंवा पिंजलेला कापूस मळावा. धडाचा एक लांबट गोळा, त्यालाच चिमटून चार पाय. पाय वेगळे करून चिकटवले तर वाळताना सांध्यात निखळतात, हे प्रत्येक पिढी नव्याने शिकते. वशिंड अंगठा आणि तर्जनी ह्यांच्या चिमटीत वर ओढून काढायचे. गळ्याखालची पोळीही तशीच. शिंगे ही खरी अडचण. ती मातीची केली तर मोडतात, म्हणून कोणी काटक्या खोचतात. डोळ्यांना ज्वारीचे दाणे किंवा गुंजा. मग सावलीत वाळवायचे, उन्हात नव्हे. वर चुना, शिंगांना गेरू. भट्टी नाही, भाजणे नाही. वशिंडाशी सुरू होऊन वशिंडाशीच संपणारे हे शरीरशास्त्र आहे. पाहणाऱ्याने तो बैल म्हणून ओळखावा एवढेच करणाऱ्याला हवे असते, आणि वशिंड जमले की बाकीचे पाहणाऱ्याचे मन पुरे करते. मेवाडातील आहाड व गिलुंड, उज्जैनजवळचे कायथा येथे ताम्रपाषाणयुगीन थरांत मिळालेले मातीचे बैल पाहिले तर तिथेही हाच हिशेब दिसतो: वशिंड, शिंगे, बाकी जवळजवळ काही नाही.

वर्षाच्या चक्रात असे प्राणी आपल्याकडे किती वेळा जन्मतात, हे मोजू लागलो तेव्हा आम्हीच चकित झालो. ज्येष्ठातल्या अमावास्येला उत्तर कर्नाटकात 'मण्णेत्तिन अमावास्ये' होते. कानडीत 'मण्णु' म्हणजे माती आणि 'एत्तु' म्हणजे बैल, तेव्हा सणाचे नावच मातीच्या बैलाचे. त्याला लागून असलेल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या पट्ट्यात बेंदूर. श्रावणात नागपंचमीला वारुळाच्या मातीचा नाग. श्रावणी अमावास्येला पोळा, आणि विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, ज्यात मुले लाकडी बैल मिरवतात. हा प्रघात नागपूरकर भोसल्यांनी पाडला असे सांगतात. आश्विनात भोंडल्याचा हत्ती, बहुधा पाटावर काढलेला. दिवाळीत देशावर आणि मराठवाड्यात शेणाच्या गवळणी: अंगणात शेणाचे गोकुळ मांडायचे, त्यात गवळणी, गाई, वासरे, ताक घुसळणारी बाई, आणि प्रत्येकीच्या डोक्यात झेंडूची पाकळी किंवा गवताची काडी. वाळल्यावर हे सारे गोकुळ म्हणजे गोवऱ्याच. आज दैवत आणि पुढे सरपण, ह्या क्रमात त्या घराला काही विसंगत वाटत नाही. शेणात हात घालायला नकोसे वाटणाऱ्या नागर वाचकासाठी सांगायचे, तर ताज्या शेणाइतके कह्यात राहणारे द्रव्य मातीतही क्वचित मिळते.

आता मागे जाऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ह्यांचा त्यावरील अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० ह्या काळातील ही शेतकऱ्यांची वसाहत. तिच्यातील एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक लंबगोल पेटी सापडली, झाकणासकट. पेटीच्या आत एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल; दोन मूर्तींपैकी एक बिनशिराची. सारे न भाजलेले. बैलाच्या पाठीला एक भोक, बिनशिराच्या मूर्तीच्या पोटालाही भोक. काडी खोचली की मूर्ती बैलावर नीट बसते. बिनशिराच्या देवतांची आपल्याकडील परंपरा रा. चिं. ढेरे ह्यांच्या 'लज्जागौरी'च्या वाचकांना परकी नाही, आणि इनामगावच्या ह्या जोडीचा संबंध अभ्यासकांनी सुफलतेच्या उपासनेशी जोडला आहे.

आम्हांस इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, हा बैल आपल्यापर्यंत पोहोचला तो निव्वळ पुरल्यामुळे. जमिनीखाली, हवापाण्यापासून बंद राहिला म्हणून कच्ची माती तीन हजारांहून अधिक वर्षे टिकली. त्याच वसाहतीत त्याच पिढ्यांनी अंगणात, ओट्यावर, नदीकाठी केलेले बैल पहिल्या-दुसऱ्या पावसात गेले असणार. संग्रहालयांत जे दिसते ते बहुतेक भाजलेले, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत गेलेले किंवा आगीत सापडलेले. तेव्हा पुरातत्त्वाच्या कपाटात भरलेली आहे ती भाजणाऱ्यांची संस्कृती. न भाजणारे घर त्यातून जवळजवळ गळून पडले आहे. खेड्यातली माणसे वस्तीच्या जुन्या टेकाडाला 'पांढरी' म्हणतात आणि शेतजमिनीला 'काळी'. काळीतल्या मातीचा बैल घरात येऊन विरघळतो आणि पांढरीचा एक कण होतो. उत्खनकाच्या कुदळीखाली तो बैल असतोच, फक्त बैल म्हणून नसतो.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. इनामगावात घराच्या जमिनीखाली आणखीही काही पुरलेले सापडते: लहान मुले. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि त्यात बालकाचा देह, अशी ती रीत होती. जोर्वे संस्कृतीच्या अन्य वसाहतींतही ती दिसते. मेलेले मूल घराबाहेर न नेता ज्या जमिनीवर आपण जेवतो-निजतो त्याच जमिनीखाली ठेवणाऱ्या लोकांनी ती बाई आणि तो बैलही तिथेच ठेवला होता. ह्या दोन पुरण्यांचा परस्परसंबंध सिद्ध करता येत नाही, आणि आम्ही तसा दावा करीत नाही. पण 'खेळणे अथवा पूजावस्तू' असे म्हणताना ज्या दोन गोष्टी आपण वेगळ्या करतो, त्या दोहोंच्या मध्ये मूल उभे असते, एवढे इथे लक्षात येते.

इनामगावाच्या उत्तरेस, प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली एका ग्रामस्थाला झाडाचे मूळ खणताना चार काशाचे प्राणी मिळाले: बैलांचा रथ आणि त्यावरील सारथी, गेंडा, हत्ती, रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, कौतुकाविषयी नाहीत. पाठ्यपुस्तकांत आणि पोस्टरांत ते झळकतात आणि झळकावेतही. तरी हे चारही प्राणी चाकांवर ओढण्यासाठी घडवलेले आहेत, ह्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. खेळण्याची कल्पना आधी मातीत आली आणि मग काशात ओतली गेली, असेच म्हणावेसे वाटते. सिंधू संस्कृतीच्या नगरांत मातीच्या बैलगाड्या विपुल मिळतात. मान स्वतंत्र करून दोरीने धडाला जोडलेला, मान डोलावणारा बैलही मोहेंजोदडोला मिळाला आहे. ज्याने तो केला त्याच्यासमोर एखादे हसणारे मूल होते, असे मानण्यासाठी फारशा प्रमाणाची गरज नसावी.

पोळ्याचा दिवस आणि पिठोरीचा दिवस एकच, ही गोष्ट आपण इतक्या सहजपणे घेतो की तिचा विचार करीत नाही. गोठ्यात आणि वेशीवर पुरुषांचा सण चालू असतो, तर घरात मुलांच्या आयुष्यासाठी आया चौसष्ट योगिनींचे व्रत करतात. 'पिठोरी' हे नावच पिठावरून आलेले: योगिनींच्या मूर्ती पिठाच्या करीत. ह्या व्रताची कहाणी आमच्या मते आपल्या कहाण्यांतील सर्वांत दारुण आहे. दर वर्षी श्रावणी अमावास्येला, नेमक्या सासऱ्याच्या बापाच्या श्राद्धाच्या दिवशी, सून बाळंत होते आणि मूल दगावते. अखेर सासरा संतापून मेलेल्या मुलासह तिला रानात घालवून देतो. तिथे तिला झोटिंगाची बायको भेटते, योगिनी येणार असल्याचे सांगते. 'अतीत कोण?' असे विचारले जाताच सून 'मी' म्हणून पुढे होते आणि आपली सारी मुले जिवंत मिळवते. आजही वाण देताना आई डोक्यावर ताट धरून मागे न पाहता हाच प्रश्न विचारते आणि मागे उभे असलेले मूल 'मी' म्हणते. जेव्हा दर घरात एखाद-दुसरे मूल जात होते, तेव्हा त्या 'मी'चा आवाज आईच्या कानात कसा शिरत असेल? कुळधर्माच्या पुस्तकांतून हे कळत नाही. त्याच दिवशी, त्याच घरात, मातीचा बैलही आहे. तो शेतीचा देव आहे आणि त्या 'मी' म्हणणाऱ्या मुलाच्या हातात संध्याकाळी जाणार आहे. इनामगावच्या बाई-बैलापासून पिठोरी-पोळ्यापर्यंत सरळ पूल बांधण्याचा मोह इथे होतो. तो आम्ही आवरतो; मधली शतके रिकामी आहेत आणि रिकाम्या शतकांवर पूल टिकत नाहीत. साम्य मात्र नोंदवून ठेवतो.

संस्कृत वाङ्मयात हे प्राणी शोधायचे तर मुलांच्या मागे जावे लागते. वात्स्यायनाने कामसूत्रात खेळण्यांची एक यादीच दिली आहे. सूत, लाकूड, शिंग, हस्तिदंत ह्यांच्या बाहुल्या आणि त्यांच्या जोडीला मेण, पीठ व माती ह्यांच्याही. शिवाय बकरे आणि मेंढे. ज्या संदर्भात ही यादी येते, म्हणजे कोवळ्या वयाच्या मुलीला वश करण्याच्या प्रकरणात, तो आज वाचताना मन विटते. पण द्रव्यांची इतकी नेमकी नोंद अन्यत्र दुर्मीळ, आणि तीत पीठ व माती हस्तिदंताच्या पंक्तीत बसलेली आहेत, हे विसरता येत नाही.

कालिदासाकडे तर मातीचा पक्षी कथानकाची किल्ली होतो. शाकुंतलाच्या सातव्या अंकात सिंहाच्या छाव्याशी झोंबणाऱ्या सर्वदमनाला आवरण्यासाठी तापसी त्याला दुसरे खेळणे देऊ करते: मार्कंडेय नावाच्या ऋषिकुमाराचा रंगवलेला मातीचा मोर. मोर आणल्यावर ती त्याला ह्या शकुंताचे, म्हणजे पक्ष्याचे, लावण्य पाहा म्हणते. त्या समासाच्या सांध्यात 'शकुंतला' ऐकून मूल विचारते, माझी आई कुठे आहे? ऐकणाऱ्या दुष्यंताच्या मनात आशा आणि भय एकदम जागे होतात. वर्गात हा प्रसंग शिकवताना आपण श्लेषाचे कौतुक करतो आणि मोराला विसरतो. नाटकाच्या नावातले 'अभिज्ञान' म्हणजे राजमुद्रेची सोन्याची अंगठी. ती हरवते, माशाच्या पोटातून निघते, स्मृती परत आणते. पण स्मृती आली तरी माणसे भेटत नाहीत. बापाच्या कानावर पत्नीचे नाव पडते ते एका आश्रमातल्या पोराच्या रंगीत मातीच्या मोरामुळे. कालिदासाने मोर सोन्याचा केला नाही, ही त्याची जाण.

शूद्रकाने हीच सोने-मातीची जोडी उलटी मांडली. रोहसेनाला शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी हवी आहे. रदनिकेने करून दिलेली मातीची नको. वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते, यातून सोन्याची करून घे म्हणते. पुढे तेच दागिने न्यायसभेत विदूषकाजवळून खाली पडतात आणि चारुदत्ताच्या गळ्यापर्यंत सूळ येतो. नाटकाला नाव मिळाले ते मात्र मातीच्या गाडीचे. ही गाडी दासीच्या हातची आहे, हे आम्हांस लक्षणीय वाटते. अशा वस्तू करणारी माणसे वाङ्मयात शिरली तर अशीच, दाराच्या फटीतून: दासी, तापसी, कुंभार.

कुंभाराचे तर आपल्या महाराष्ट्रावर एक राज्यच आहे. पैठणच्या शालिवाहनाची कथा कोणाला ठाऊक नाही? कुंभाराच्या घरी वाढलेला पोरगा मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून खेळतो; शत्रू चालून येतो तेव्हा त्यांच्यावर पाणी शिंपडून त्यांना जिवंत करतो आणि शक सुरू होतो. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरीने 'विविधतीर्थकल्पा'त प्रतिष्ठानाची जी हकीकत दिली आहे तीत हा मुलगा सवंगड्यांत राजा होऊन त्यांना मातीची वाहने वाटतो आणि त्यावरूनच त्याचे नाव 'सातवाहन' पडले असे म्हटले आहे. व्युत्पत्ती म्हणून तिची किंमत शून्य आहे. पण ज्या घराण्याच्या काळात तेर, नेवासे अशा नगरांत दुहेरी साच्यांतून काढलेल्या मृण्मूर्तींचा व्यवसाय भरभराटीस आला होता, त्या घराण्याचे नाव हजार वर्षांनी लोकांनी मातीच्या घोड्यांवरून लावावे, ह्यात लोकस्मृतीचा काही विनोद असावा. कथेतला खरा चमत्कार सैन्य उठण्यात नाही. कच्च्या मातीवर पाणी पडले की ती विरघळते, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक होते. जे पाणी दर वर्षी बैल नेते तेच इथे घोडा उठवते. श्रोत्यांच्या अंगावर काटा येत असेल तो ह्या ठिकाणी.

गावगाड्यात पोळ्याचे बैल पुरवणे कुंभाराकडे होते आणि त्याचा मोबदला खळ्यावरच्या धान्यात, म्हणजे बलुत्यात, धरलेला असे. त्रिं. ना. आत्रे ह्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला तेव्हा ही व्यवस्था मोडकळीस येताना ते पाहत होते. बैलाला किंमत नव्हती ह्याचा अर्थ तो फुकट होता असा नव्हे. त्याची किंमत वर्षभरच्या नात्यात विरलेली होती, आणि त्या नात्यात कोणाचा हात वर आणि कोणाचा खाली हेही ठरलेले होते. जुन्या व्यवस्थेविषयी हळहळताना हे झाकले जाऊ नये. आज शहरातल्या पदपथावर पोळ्याच्या आठवड्यात साच्यातले प्लास्टरचे बैल मिळतात: डोळे रेखीव, झूल सोनेरी, दोन्ही जुळे. ते पाण्यात विरत नाहीत म्हणून लोक पुढच्या वर्षासाठी जपून ठेवतात. ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिकामे झालेल्या गावांतही पूजेला बैल लागतोच, तेव्हा खऱ्या बैलांची संख्या घटावी आणि खोट्यांची वाढावी असे काहीसे घडत आहे. प्लास्टरच्या बैलाबद्दल आमची तक्रार सौंदर्याची नाही. तो खेळायला देत नाहीत, ही आहे. रंग उडेल, शिंग मोडेल म्हणून तो फडताळात उंचावर जातो आणि पाटीवरच्या 'अथवा'च्या एका बाजूला कायमचा जाऊन बसतो.

काही वर्षांपूर्वी ह्या विषयाची टिपणे काढीत असताना आम्ही एका तालुक्याच्या बाजारात बैल विकणाऱ्या म्हाताऱ्या कुंभारणीपाशी थांबलो. पुढ्यात पोत्यावर तीसेक जोड्या, अजून ओलसर, चुन्याचा हात नुकताच फिरवलेला. प्रत्येकाच्या वशिंडावर दोन्ही बाजूंनी तिच्या बोटांचे ठसे होते. चुन्याखालीही रेषा दिसत होत्या. तुलनेसाठी गेल्या वर्षीचा एखादा बैल घरी शिल्लक असेल का, असे आम्ही अभ्यासकाच्या गांभीर्याने विचारले. तिने आमच्याकडे थोडा वेळ पाहिले.

"गेल्या सालचा? त्यो कशाला ऱ्हाईल, दादा?" ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची जोडी कागदात बांधू लागली.